आखाडा आणि तातामी: कुस्ती व ज्युदो एकत्र शिकवण्याच्या नोंदी, नागपूर

महाल भागातला जुना मातीचा आखाडा, त्याला लागून शहाबादी फरशीची एक पत्र्याची खोली. आखाड्यात कुस्ती, खोलीत तातामीवर, म्हणजे ज्युदोच्या मॅटवर, ज्युदो. गट १२ ते १७ वयाचा, सगळ्यांच्या अंगावर किमान वर्षभराची माती. शालेय स्पर्धांत दोन्ही खेळ असतात, म्हणून एकाच हंगामात दोन्हींची तयारी करायचं ठरलं. आखाड्याचे वस्ताद आणि ज्युदोचे प्रशिक्षक मिळून या नोंदी ठेवत आहेत. ज्यांना आपल्या आखाड्यात असंच काही सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी.

९ जून: मॅट

६ बाय ६ मीटर जागेला १ बाय २ मीटरच्या १८ मॅट लागतात, जाडी ४० मिमी. नवीन घेतल्या तर एकीला साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे सगळा खर्च लाखाच्या घरात. वापरलेल्या १८ मॅट ४४ हजारांत मिळाल्या. पैसे वाचले, पण वापरलेल्या मॅट दाबून दाबून आखडलेल्या असतात आणि कुठलीही दोन मापं तंतोतंत जुळत नाहीत. अंथरल्यावर मधे तीन ते पाच मिलिमीटरच्या फटी राहिल्या. फेक मारताना पायाचं बोट त्या फटीत गेलं की नख उपटतं, नाहीतर बोट मोडतं.

उपाय म्हणून चारी बाजूंनी सागवानी पट्ट्यांची चौकट केली आणि ती फरशीत अँकर बोल्टने पक्की केली. चौकटीची उंची ३५ मिमी ठेवली. मॅटपेक्षा ती कमीच हवी, म्हणजे काठावर पडणाऱ्याला लाकूड लागत नाही. एका बाजूला चौकट आणि मॅटच्या मधे लाकडी पाचरी ठोकायची सोय ठेवली. पाचरी ठोकल्या की सगळ्या मॅट एकमेकींना घट्ट भिडतात. पाचरी सैल पडतात, त्यामुळे रोज सराव सुरू होण्याआधी एका पोराने अनवाणी पायाने प्रत्येक सांध्यावरून चालत जायचं. भिंतींना चार फुटांपर्यंत रेक्झिनच्या गाद्या लावल्या. चौकट, बोल्ट, गाद्या आणि सुतार मिळून १७ हजार.

१२ जून: माती

नागपूरची स्वतःची माती काळी. पाण्यात चिकटून गोळा होते, उन्हात भेगाळते. आखाड्याला ती चालत नाही, लाल-पिवळी माती बाहेरून आणावी लागते. १६ बाय १६ फुटांच्या हौद्यात वरचा चार इंचांचा थर बदलायला एक ब्रास पुरली. पाव इंची जाळीतून चाळून घेतली, तरी भरोसा ठेवला नाही. जुन्या लाऊडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या हौद्यातून ओढलं, त्याला तीन खिळे आणि तारेचा एक तुकडा चिकटून आला. काच चुंबकाला लागत नाही, ती हातानेच शोधायची.

मिसळलेलं: हळद ५ किलो, मोहरीचं तेल १० लिटर, ताक २० लिटर, शंभरेक लिंबांचा रस, वाळवून कुटलेला कडुनिंबाचा पाला दोन घमेली. तेलाने माती अंगाला ओरखडत नाही आणि धूळ कमी उडते. हळद-कडुनिंबाने मातीतले सगळे जंतू मरतात या समजुतीवर मात्र विसंबू नये. ऑगस्टची नोंद वाचा.

ओलावा मुठीने तपासायचा. मूठ दाबून सोडली की गोळा टिकला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर माती जास्त ओली आहे. त्या दिवशी लढत नाही, नुसतं खणायचं.

१७ जून: पडणं

सगळ्यात अवघड भाग पहिल्याच आठवड्यात आला. कुस्तीत पाठ लागली की संपलं. वर्षानुवर्षं अंगाला एकच शिकवलेलं असतं: काहीही झालं तरी पाठ द्यायची नाही. ज्युदोचा पहिला धडा उकेमी, म्हणजे नीट पाठीवर किंवा कुशीवर पडणं. एका पठ्ठ्याने सरळ विचारलं, "पाठीवर कसा पडू जी वस्ताद? पाठ लागली म्हणजे कुस्ती गेली ना." त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि नुसतं समजावून तो सुटत नाही, कारण तो डोक्यात नसून अंगात बसलेला आहे.

फेकल्यावर पहिलवानाचं अंग तीन गोष्टी करतं. एक, हवेतच वळून पोटावर यायला बघतं. दोन, पडण्याआधी हात सरळ करून टेकवतं. मऊ मातीत ते बहुतेक वेळा निभावतं, मॅटवर पूर्ण वजन सरळ कोपरावर येतं आणि कोपर निखळतं. तीन, डोक्यावर पूल करतं, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठ उचलून धरतं. कुस्तीत पूल हा बचाव आहे. ज्युदोत फेकल्यावर पुलावर उतरलं तर पंच फेकणाऱ्याला इप्पोन, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण, देतात, कारण फेकीच्या जोरात मानेवर भार घेणं धोक्याचं. जो पूल कुस्ती वाचवतो, तोच इथे हरवतो आणि मानही घालवतो.

क्रम असा ठेवला. आधी आडवं पडूनच हात आपटणं: तळवा खाली, हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. हात खांद्याच्या रेषेत गेला की झटका खांद्याला बसतो. मग उकिडवं बसून मागे लोळणं, मग अर्धवट उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. हनुवटीखाली घडी केलेला हातरुमाल धरायचा. रुमाल पडला म्हणजे डोकं मागे गेलं. रुमालाची युक्ती हजार सूचनांपेक्षा जास्त कामाची ठरली, कारण पोराला आपली चूक स्वतःलाच कळते.

त्यानंतरही हात टेकवण्याची सवय गेली नाही. ती गेली वेगळ्या उपायाने: फेकणारा गुडघ्यावर, पडणारा उभा, आणि पडणाऱ्याने टेकवायच्या हाताने स्वतःचाच पट्टा धरून ठेवायचा. हात मोकळा नसला की अंग कूस शोधतं. दोन आठवडे हेच चाललं. पालकांपैकी काहींना हा वेळ वाया गेला असं वाटलं. तो वाया नव्हता. इथे घाई केली तर हात मोडूनच पोरगा थांबतो.

२८ जून: वेळापत्रक कोलमडलं

सुरुवातीला सकाळी साडेपाचला माती आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला ज्युदो, असे आठवड्यातून तीन दिवस ठेवले होते. कागदावर बाकीचे दिवस विश्रांतीचे दिसत होते. प्रत्यक्षात संध्याकाळी मनगटात जोर नसायचा, समोरच्याची धरलेली बाही सुटायची, आणि थकलेलं पोरगं हनुवटी छातीला लावायला विसरायचं. एकाच आठवड्यात दोघांचं डोकं मॅटला लागलं. दोघांना त्याच वेळी थांबवलं, घरी कळवलं, डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच परत घेतलं. डोक्याला लागलेलं पोर "काही नाही झालं" असंच म्हणतं, त्यामुळे त्याला विचारून ठरवायचं नाही.

बदललेलं वेळापत्रक: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी माती. मंगळवार, गुरुवार संध्याकाळी मॅट. शनिवारी सकाळी दोन्ही, पण आधी मॅट आणि मग माती. पडण्याचा सराव ताज्या अंगानेच करायचा, कारण दमल्यावर पहिल्यांदा बिघडतं ते पडणं. दमलेल्या अंगाने मातीत जोर काढता येतो, थकवा तिथे कमी धोक्याचा. रविवारी पूर्ण सुट्टी. जोर-बैठका मातीच्या दिवशीच, मंगळवार-गुरुवारी बंद.

८ जुलै: मातीत गिरकी नको

काही उत्साही पोट्टे ज्युदोची सेओई-नागे आणि ताई-ओतोशी मातीत मारून बघायला लागले. दोघांचे गुडघे दुखावले. कारण साधं आहे. या फेकींत चवड्यावर गिरकी घ्यायची असते. खणलेल्या मातीत पाऊल रुततं. वरचं अंग फिरतं, पाऊल जागेवर राहतं, आणि मधे गुडघा पिळला जातो. धोबीपछाड दिसायला सेओई-नागेसारखाच, पण मातीतला पहिलवान गिरकी घेत नाही. पाऊल उचलून नव्या जागी ठेवतो आणि मग वळतो. तेव्हा नियम केला: गिरकीच्या फेकी फक्त मॅटवर.

कुस्ती आणि ज्युदोच्या डावांची बाकी जुळणी उपयोगी पडली. बाहेरची टांग आणि ओ-सोतो-गारी, आतली टांग आणि ओ-उची-गारी, कलाजंग आणि काता-गुरुमा (समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकणं). ज्याची टांग मातीत पक्की आहे, त्याला ओ-सोतो-गारीत पाय कुठे घालायचा हे शिकवावं लागत नाही, फक्त समोरच्याचा तोल बाही-कॉलरने कसा काढायचा ते शिकवावं लागतं. पहिलवान ताकदीने ओढतो, सरळ आपल्याकडे. बाही वर आणि बाहेर, कॉलर वर आणि आत, असा तिरका ओढा बसायला खूप वेळ लागला. त्यासाठी खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधून उची-कोमी, म्हणजे फेक पूर्ण न करता आत शिरण्याचा पुन्हा पुन्हा सराव, करून घेतली. ट्यूब दोन पदरी घ्या, एकपदरी तुटली की तोंडावर येते.

२९ जुलै: नागपंचमी

सकाळी मातीची पूजा, दुपारी दंगल. गटातले काहीजण लढले. ज्युदोचा परिणाम उघड दिसला. चांगली बाजू अशी की पाय घालताना तोल जात नव्हता आणि टांगा पूर्वीपेक्षा स्वच्छ बसत होत्या. वाईट बाजू उभं राहण्यात होती. ज्युदोत ताठ उभं राहायची सवय लागते, कारण वाकून बचाव करत राहिलं तर शिदो (दंडाचा इशारा) मिळतो. त्याच ताठपणाने मातीत उतरल्यावर समोरच्याने सरळ दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडलं. शिवाय हात उघड्या अंगावर बाही शोधत होते. बोटं दंडाला लागून घसरत होती आणि तेवढ्या वेळात समोरचा आत शिरत होता.

यावर उपाय म्हणून मातीच्या प्रत्येक सत्राची पहिली दहा मिनिटं फक्त खालच्या पवित्र्यात हातमिळवणी ठेवली: मनगट, कोपर, मान, सोड, परत. डाव मारायचा नाही. मॅटच्या सत्राची पहिली दहा मिनिटं तशीच, पण उभ्या पवित्र्यात आणि फक्त बाही-कॉलर. अंगाला आधी कळलं पाहिजे की आज कुठे उतरलोय. हा बदल या हंगामातला सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा ठरला.

दंगलीनंतर एक-दोन पालकांनी मॅटमुळे मातीची कुस्ती बिघडते असं म्हटलं. बिघडते ती दोन्हींत फरक न शिकवल्यामुळे. खाशाबा जाधव मातीवर तयार झाले, १९४८च्या लंडन ऑलिंपिकला मॅटवर सहावे आले, आणि मॅटची रीत अंगी बाणवून १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले.

१२ ऑगस्ट: गजकर्ण

या एका गोष्टीत सगळ्यात जास्त वेळ गेला. जुलैच्या शेवटी एकाच्या मानेवर गोल चट्टा दिसला, मग दुसऱ्याच्या दंडावर, मग मांडीवर. गटाचा तिसरा हिस्सा तीन आठवडे बाहेर. दमट हवा, न वाळलेले लंगोट, ओलसर ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख), आणि मातीचे पाय घेऊन मॅटवर चढणं, या सगळ्याचा एकत्र परिणाम.

निम्म्या पोरांनी आधीच औषधाच्या दुकानातून विचारून मलम आणलं होतं. अशा बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, पोरगा परत खेळायला येतो, आणि बुरशी आत वाढत राहते. मग ती पसरते, आणि साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवल्याशिवाय हे थांबलं नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवायचं. पट्टी बांधून खेळायला परवानगी नाही.

आता रोज असं चालतं. आखाड्यातून खोलीकडे जाताना दारात पाण्याचा टब, पाय घोट्यापर्यंत धुवायचे, पुसायचे, मग चप्पल घालून मॅटच्या काठापर्यंत यायचं आणि तिथे चप्पल काढायची. संडासात अनवाणी जाणाऱ्याला त्या दिवशी मॅट नाही. सत्र संपल्यावर मॅट पुसायची: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग, पाणी नऊ भाग. आधी साध्या पाण्याने धूळ काढायची, कारण मळावर औषध काम करत नाही. मग हे द्रावण लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर स्वच्छ पाण्याचा पोछा. द्रावण त्याच दिवशीचं हवं आणि खिडक्या उघड्या हव्यात. फिनाइल किंवा ॲसिडमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

लंगोट प्रत्येकाचे तीन. टॉवेल स्वतःचा. सराव झाल्यावर अर्ध्या तासात साबणाने आंघोळ. पावसाळ्यात ज्युदोगी वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळे एका पोरामागे दोन कोट लागतात, आणि हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात नव्हता. साधा एकविणीचा दीड-दोन हजारांत येतो. शिकणाऱ्याला तोच बरा: हलका, लवकर वाळतो. जाड दुहेरी विणीचा आत्ता घेऊ नये.

२ सप्टेंबर: पट काढायचा नाही

ज्युदोत २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंधन आलं आणि २०१३ पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात लावणंच बंद झालं. हात लागला की शिदो, तीन शिदो म्हणजे बाद. पहिलवानाचा हात तर अडचणीत आला की आधी पायाकडेच जातो. कलाजंग घेणाऱ्यांचा त्रास जास्त, कारण हाताने मांडी धरल्याशिवाय त्यांना डाव सुचत नाही.

पाय धरला की वीस बैठका, हा दंड लावून पाहिला. काहीच फरक पडला नाही. दमलेले पाय आणखी मागे राहिले आणि हात आणखी खाली गेले. त्याऐवजी असं केलं: हात कमरेखाली गेला की लढत थांबवायची आणि परत सुरू करताना समोरच्याला त्याच्या आवडीची पक्की पकड आधीच द्यायची. नुकसान त्याच क्षणी, त्याच लढतीत होतं. तीन आठवड्यांत हात वर आले. कलाजंगवाल्यांना काता-गुरुमाचा मांडी न धरता, बाही ओढून खाली बसायचा प्रकार दिला. सगळ्यांना जमत नाही, जाड्या पोरांनी त्याच्या नादी लागू नये.

२३ सप्टेंबर: जमिनीवर

इथे कुस्तीने ज्युदोला सगळ्यात जास्त दिलं. सवारी, घिस्सा हे जमिनीवरचे डाव आणि वजन टाकण्याची समज ज्युदोच्या पोरांना दोन वर्षांत येत नाही, ती यांच्याकडे तयार आहे. तरी दोन अडचणी निघाल्या.

पहिली: कुस्तीत खांदे टेकले की निकाल, म्हणून पोरं चीत करून लगेच सैल पडतात, काहीजण तर उठूनच उभे राहतात. ज्युदोत इप्पोनसाठी २० सेकंद दाबून ठेवावं लागतं. घड्याळ लावून २५ सेकंदांचे दाब करून घेतले, केसा-गातामे आणि योको-शिहो-गातामे. पाचव्या सेकंदाला खालचा शांत होतो आणि पंधराव्याला जोर मारतो. तो पंधरावा सेकंदच शिकवायचा. केसा-गातामेत डोकं खाली आणि धरलेली बाही काखेत घट्ट. बाही सुटली की खालचा कुशीवर वळतो आणि गेला.

दुसरी: पोटावर झोपून बचाव करताना पहिलवान मान मोकळी ठेवतो, कारण मातीत कॉलर नसते. इथे मागून कॉलरने गळा आवळता येतो. आणि कुस्तीत हार मानून थोपटायची रीतच नाही. पोरगा लाल होईपर्यंत सोसतो. त्यामुळे गळा आवळण्याच्या डावांआधी थोपटणं शिकवलं: समोरच्याच्या अंगावर दोनदा, हात अडकला असेल तर पायाने, नाहीतर तोंडाने "माइत्ता". थोपटलेलं ऐकून न सोडणाऱ्याला महिनाभर जमिनीवरचा सराव बंद. १५ वर्षांखालच्यांना गळा आवळण्याचे आणि कोपराचे डाव आम्ही देतच नाही.

१४ ऑक्टोबर: बोटं

ज्युदोगीच्या कापडाने बोटांचे मधले सांधे सुजतात. मातीत हे होत नाही, म्हणून पोरं त्याकडे लक्ष देत नाहीत आणि सुजलेल्या बोटाने फावडं मारत राहतात. अर्ध्या इंची झिंक ऑक्साइड टेप, सांध्याच्या वर एक फेरा, खाली एक, मधे तिरकी फुली, सांधा वाकला पाहिजे. बोट निळं पडलं तर टेप घट्ट आहे. गटाला महिन्याला टेपचाच खर्च हजारावर जातो. पकड सुटत असताना ओढत राहण्यापेक्षा वेळेवर सोडून परत धरणं शिकवलं, तेव्हाच सूज कमी झाली.

८ नोव्हेंबर: पुढच्या गटासाठी

जो पोरगा दोन्हींत नवा आहे, त्याला एकाच वेळी दोन्ही देणार नाही. आधी सहा महिने माती आणि त्यातच उकेमी, कारण खणलेली माती मऊ असते आणि पडण्याची भीती तिथे लवकर जाते. मग मॅट. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे एकच खेळ. दुसऱ्याचा फक्त हलका सराव. ज्युदोच्या स्पर्धेला निघालेल्यांनी त्या काळात पट काढायचाच नाही, मातीतसुद्धा.

मधल्या चार मॅट पूर्ण बसल्या आहेत, तिथे गुडघा टेकला की फरशी लागते. त्या काठावर नेल्या आणि काठाच्या मधे आणल्या. जानेवारीत चार नवीन घ्यायच्या, अंदाजे २२ हजार. मापं घेताना जुन्या मॅटची लांबी चारही बाजूंनी मोजून दुकानदाराला द्यायची, नाहीतर पाचरींना पुन्हा काम लागेल. थंडीत पहाटे माती गार पडते आणि अंग तापायला वेळ लागतो, म्हणून १५ नोव्हेंबरपासून मातीची वेळ सहा वाजता, आणि खणण्याचं काम आधी.